सॉफ्टवेअर काढताना अडते कुठे?

शाळेतले मोडके टेबल नुसते उचलून बाहेर टाकता येत नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीतील नोंद शोधून त्याचे रीतसर निर्लेखन करावे लागते. संगणकातील सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. समजा, पातूरच्या एखाद्या शाळेत जुने सॉफ्टवेअर निघत नाही म्हणून नवे बसत नाही. अकोल्याहून जाणकार येईपर्यंत मुलांचे तास बुडणार. अशा वेळी नेमके काय अडले हे शिक्षकांना ओळखता आले, तर बरेचदा तिथल्या तिथे मार्ग निघतो.

मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर 'विंडोज इन्स्टॉलर' ही सोय आणली. तिच्या पॅकेजच्या नावाशेवटी 'एमएसआय' ही अक्षरे असतात. हे पॅकेज म्हणजे तक्त्यांचा संच होय. कोणत्या फाइली कुठे ठेवायच्या, रजिस्ट्रीत म्हणजे विंडोजच्या मध्यवर्ती नोंदवहीत काय लिहायचे, हे त्यात दिलेले असते. सॉफ्टवेअर बसल्यावर पॅकेजची एक प्रत विंडोज फोल्डरमधील 'इन्स्टॉलर' या दडवलेल्या फोल्डरात राहते. सॉफ्टवेअर काढताना संगणक हीच प्रत वाचून आपले काम उलटे करत जातो.

आता डिस्कवर जागा करण्यासाठी कोणी हे फोल्डर रिकामे केले, तर काय होईल? सॉफ्टवेअर चालत राहील, पण निघणार नाही. मूळ पॅकेज सापडत नाही, असा १६१२ क्रमांकाचा संदेश येईल. यावर उपाय म्हणजे त्याच आवृत्तीचे, त्याच नावाचे मूळ पॅकेज शोधून संगणकाला दाखवणे. दुसऱ्या आवृत्तीचे चालत नाही.

१६१८ हा क्रमांक दिसला तर घाबरू नये. दुसरे एखादे सॉफ्टवेअर त्याच वेळी बसत किंवा निघत आहे, एवढाच त्याचा अर्थ. थोडे थांबावे किंवा संगणक पुन्हा सुरू करावा. १६०३ मात्र फसवा आहे. 'काम फसले' एवढेच तो सांगतो, कारण सांगत नाही. त्यासाठी इन्स्टॉलरला तपशीलवार लॉग लिहायला लावावा आणि त्यात इंग्रजीतील 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द शोधावेत. खरे कारण बहुधा त्याच्या वरच्या काही ओळींत असते. कधी पुरेसे अधिकार नसतात, तर कधी एखादी फाइल उघडी राहिलेली असते.

सॉफ्टवेअर निघाल्यावरही काही फाइली उरल्या, तर तो दोषच असेल असे नाही. एकच घटक दोन सॉफ्टवेअर वापरत असतील, तर त्यातले शेवटचे निघेपर्यंत इन्स्टॉलर तो घटक ठेवतो. म्हणूनच फोल्डर हाताने पुसणे धोक्याचे. मायक्रोसॉफ्टचेच 'क्लीनअप युटिलिटी' हे साधन फाइली न काढता केवळ इन्स्टॉलरच्या नोंदी पुसत असे. त्याने संगणकावरील इतर घटकांना बाधा येते असे दिसल्यावर कंपनीने २०१० मध्ये ते मागे घेतले.

तेव्हा आमची सूचना एवढीच: सॉफ्टवेअर बसवले त्याच दिवशी मूळ पॅकेज पेनड्राइव्हवर जपावे आणि आवृत्ती व तारीख वहीत लिहावी. नोंद शाबूत असेल, तर निर्लेखन सोपे जाते.