उन्हाळ्यात कोंबडी जगली, तरच अंडं ताटात

मे २०२४ मध्ये उन्हापायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. कामगारांना पाणी आणि पंखा द्या, शिकवणीचे वर्ग भर दुपारी घेऊ नका, असे आदेश निघाले. माणसांसाठी आदेश निघतो. टिनाच्या खुराड्यातल्या पाच-सात कोंबड्यांकडे मात्र घरच्या बाईलाच बघावं लागतं.

आरोग्याच्या पानावर कोंबड्या कशाला, असं कोणी विचारेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. पाच वर्षांखालच्या लेकरांत तर शंभरात जवळजवळ ६९. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय बी-१२ आणि अ जीवनसत्त्व. लोह मात्र त्यात थोडंच, म्हणून अंडं खाते म्हणून लोहाची गोळी सोडायची नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण वरण-भाकरीवर वाढणाऱ्या लेकराला जे कमी पडतं, त्यातलं बरंच अंड्यातून मिळतं. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. त्या अंड्यासाठी भांडायचंच आहे, पण तोवर घरची कोंबडी तरी मरू देऊ नये.

आता कोंबडीचं शरीर समजून घ्या. आपल्याला घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होतं. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर असतं. उष्णता बाहेर टाकायला ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. कोंबडी अशी दिसली की तिचं शरीर झुंजतंय असं समजा. धापेबरोबर पाणी जातं आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइडही कमी होतो. त्यामुळे अंड्याचं कवच पातळ पडतं. मे महिन्यात हाताला लागताच फुटणाऱ्या अंड्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, कोणाची नजर नव्हे.

सगळ्यात मोठा वैरी टिन. दुपारी टिनाखाली बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. त्याच टिनाखाली आपली म्हातारी माणसं आणि बाळंतिणीही असतात, म्हणून हा उपाय घरालाही करा: टिनाला वरून पांढरा चुना फासा. खुराड्यावर मात्र पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा वीतभर थर द्या. आपल्याकडे कापूस-तुरीच्या शेतात त्या पडून असतात. चुलीची ठिणगी पोचेल तिथे हा थर नको. खुराड्याच्या निदान दोन बाजू जाळीच्या किंवा तुराट्यांच्या असाव्यात, म्हणजे वारा आरपार जाईल. पत्र्याने चारी बाजू बंद केलेलं खुराडं मांजरापासून वाचवतं खरं, पण दुपारी भट्टी होतं. कोंबडी पळू नये म्हणून तिच्यावर डालं झाकून ते उन्हात ठेवणं तर सरळ तिचा जीव घेणं आहे. कडुनिंबाखाली मोकळी सोडलेली कोंबडी स्वतःच सावली शोधते.

वाऱ्याच्या बाजूला ओलं चुंगडं टांगा. आपली हवा कोरडी, म्हणून ओल्या चुंगड्यातून येणारा वारा खरंच गार लागतो. कूलर चालतो तो याच तत्त्वावर. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की चुंगडं काढून टाका. दमट हवेत त्याने गारवा येत नाही, उलट खाली ओल साचते आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते.

पाण्याबद्दल जरा जास्त सांगायचं आहे, कारण आपण खारपाणपट्ट्यात राहतो. उन्हाळ्यात कोंबडी एरवीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त पाणी पिते. बोअरचं खारं पाणी असेल तर तितकंच जास्त मीठ तिच्या पोटात जातं, विष्ठा पातळ होते, कवच आणखी खराब होतं. कोंबडीला जास्त मीठ सोसत नाही. बाहेरगावचे सल्ले ऐकून पाण्यात मीठ-साखर घालणाऱ्या तायांनो, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात आणखी मीठ टाकू नका. नळाचं पाणी येईल त्या दिवशी कोंबड्यांचं वेगळं भरून ठेवा. मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत द्या आणि दिवसातून तीनदा बदला. खाऱ्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो, छिद्रं बुजतात आणि भांडं पाणी गार करेनासं होतं. काथ्याने घासून काढा, जमलं तर नवं घ्या.

दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर टाका. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून दुपारी पोट भरलेली कोंबडी आधी लुढकते. लुढकली तर सावलीत आणा, पाय आणि तुरा साध्या पाण्याने ओला करा. बर्फाचं पाणी नको. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. उन्हाने बेशुद्ध पडलेल्या माणसालाही हाच नियम: तोंडात पाणी ओतायचं नाही, अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा.

अंडी सकाळ-संध्याकाळ दोनदा उचला. आपल्याकडची दुपारची उष्णता इतकी असते की कोंबडी न बसताही फळलेल्या अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मग सडतो. म्हणून उन्हाळ्यात कोंबडी खुडूक झाली तरी अंडी उबवायला ठेवू नका, खाऊन टाका. अंडी न धुता माठाजवळ गार जागी ठेवा. पाण्यात टाकल्यावर तरंगलेलं फेकून द्या. "अंडं गरम पडतं, गरोदर बाईला उन्हाळ्यात नको" हे मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. ताजं अंडं पूर्ण उकडून उन्हाळ्यातही चालतं. बाधतं ते शिळं किंवा कच्चं. सहा महिन्यांनंतर लेकरालाही कुस्करून देता येतं. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. पाच कोंबड्यांची अंडी आठवड्याला पाच-सहा पडतात, तेव्हा ती आधी कोणाच्या ताटात जातात तेही बघा. बहुतेक घरांत आधी कर्त्या पुरुषाच्या ताटात जातात.

ऊन लागून मेलेली आणि रोगाने मेलेली कोंबडी यांतला फरक ओळखा. उन्हाने दुपारी मरतात, जाडजूड आधी. मान वाकडी होणं, हिरवी हगवण, रात्री-पहाटेही मरणं ही मानमोडीची लक्षणं. एकदम पुष्कळ मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता. मेलेली कोंबडी स्वस्तात मिळाली म्हणून आणायची नाही आणि आपली मेली म्हणून शिजवायचीही नाही. खरा धोका तिला हाताळताना आणि कापताना असतो. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला, चुना टाकून खोल पुरा, मग साबणाने हात धुवा.

मानमोडीची लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, सहा ते आठ आठवड्यांनी इंजेक्शन. अडचण अशी की एका कुपीत पुष्कळ कोंबड्यांचे डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे पाच कोंबड्यांसाठी कोणी आणत नाही. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून एक कुपी आणावी. पोलिओच्या डोसासारखी ती बर्फाच्या डब्यातच आणायची आणि उन्हं चढायच्या आत टोचून मोकळं व्हायचं. धापा टाकणाऱ्या किंवा आजारी कोंबडीला त्या दिवशी टोचू नका. कोणाकडे किती कोंबड्या आहेत याची यादी आधी करा. ती घेऊन दवाखान्यात गेलात की किती डोस लागतील हे तिथे लगेच सांगता येतं.