गाळणी कर्नलमध्ये, घडण बाहेर

संगणक का मंदावला हे मोजायचे, तर मोजणारा प्रोग्रामही त्याच प्रोसेसरचा वेळ खातो. सेकंदाला लाखो घटना घडणाऱ्या सर्व्हरवर प्रत्येक नोंद कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, बाहेर आणून मग निवडली, तर हाती आलेला आकडा यंत्राच्या दुखण्याचा की मोजणीच्या ओझ्याचा, हे कळेनासे होते. म्हणून निवड कर्नलच्या आतच झाली पाहिजे. ही वाट लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी 1992 साली नेटवर्कच्या पॅकेटांसाठी नव्याने आखली. इथरनेटवर ‘टीसीपीडंप’ या पॅकेटे टिपणाऱ्या साधनाला फक्त आयपी पॅकेटे मागितली की त्या मागणीच्या चारच सूचना बनतात: पहिले 12 बाइट सोडून पुढचे दोन वाच, ती संख्या 2048 आहे का पाहा, असेल तर पॅकेट ठेव, नसेल तर सोडून दे. नको असलेले पॅकेट कर्नलबाहेर येतच नाही.

2014 मध्ये अलेक्सी स्टारोव्हॉयटॉव्ह यांच्या कामातून हेच तंत्र ‘ईबीपीएफ’ या रूपाने लिनक्समध्ये विस्तारले आणि पॅकेटांपलीकडे कर्नलच्या इतर कामांनाही लावता येऊ लागले. डिस्कवरचे वाचन सुरू होताना वेळ टिपायची, संपताना वजाबाकी करायची आणि उत्तर योग्य गटात मिळवायचे. लाखो नोंदींऐवजी बाहेर येतात ते काही डझन आकडे. यासाठी कर्नलला जोडायचा सुटा भाग, म्हणजे कर्नल मॉड्यूल, का लिहू नये, असे कोणी विचारेल. मॉड्यूलमधली एक चूक अख्खे यंत्र पाडू शकते. ईबीपीएफ प्रोग्राम चालण्याआधी कर्नलमधला ‘व्हेरिफायर’ त्याची प्रत्येक वाट तपासतो. स्टॅक फक्त 512 बाइटांचा, आणि 2019 पर्यंत तर लूपलाही मनाई होती. हा तोकडेपणाच त्याला चालत्या यंत्रात शिरू देतो. व्हेरिफायरही चुकतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. 2020 आणि 2021 मध्ये त्यात गंभीर त्रुटी सापडल्या, आणि आज बहुतेक लिनक्स वितरणांत सामान्य वापरकर्त्याला असा प्रोग्राम चढवता येत नाही. ही बंदी योग्यच आहे.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो कंपाइल करण्याचा प्रश्न. कर्नलच्या आवृत्तीगणिक त्यातील माहितीची मांडणी बदलते, म्हणून ‘बीसीसी’सारखी साधने क्लँग कंपायलरची यंत्रणाच सोबत नेत आणि मोजायच्या यंत्रावरच प्रोग्राम घडवत. म्हणजे जे ओझे टाळण्यासाठी हा खटाटोप, तेच मागल्या दाराने आत येई. आता कर्नल आपल्या मांडणीचे वर्णन स्वतःजवळ बाळगतो. त्यामुळे प्रोग्राम एकदाच, दुसरीकडे कंपाइल करता येतो आणि चढवताना त्यातील स्थाने जुळवून घेतली जातात. ‘पर्फ’ या लिनक्सच्या मोजमाप साधनात पूर्वी सी भाषेतली फाइल देताच क्लँगला बोलावण्याची सोय होती. 2023 मध्ये ती काढली गेली. त्याच वर्षी पर्फमध्ये नमुने गाळणारा ईबीपीएफ प्रोग्राम आला. तो पर्फ बांधतानाच कंपाइल होतो. मोजणारा फक्त अट लिहितो, आणि ती न पाळणारा नमुना कर्नलमध्येच गळून पडतो.