चढावरचा रस्ता आधी का दबतो

डांबरी रस्त्याच्या वरच्या थरात वजनाने सुमारे 95 टक्के खडी, कच आणि भुकटी असते, बाकीचे डांबर. डांबराला स्फटिकरचना नसते आणि ठरावीक वितळणबिंदूही नसतो. गार डांबरावर हातोडा मारला तर ते फुटते. तेच नुसते पडून राहू दिले तर हळूहळू पसरते. म्हणून या मिश्रणावर किती भार आला याइतकेच तो किती वेळ टिकला हेही महत्त्वाचे.

हे गणितात बसवण्यासाठी बर्गर्स प्रतिमान वापरतात. त्यात दोन स्प्रिंगा आणि तेलात सरकणारे दोन दट्टे कल्पिलेले असतात. ट्रकचे चाक पुढे गेले की एक स्प्रिंग तत्काळ पूर्ववत होते. दट्ट्याला समांतर जोडलेली दुसरी सावकाश परतते. एकटा दट्टा मात्र सरकला तो सरकलाच. त्याच्या या सरकण्यातूनच चाकोरी पडते. बुलढाणा-मोताळा रस्त्यावरच्या राजूर घाटात भरलेला ट्रक ताशी 60 ऐवजी 10 किलोमीटरने चढत असेल, तर चाकाचा भार एका जागी सहापट वेळ राहतो आणि दट्टाही तेवढाच जास्त सरकतो. त्यात विदर्भातला उन्हाळा. मे महिन्यात रस्त्याचा पृष्ठभाग 60 अंशांपर्यंत तापू शकतो आणि डांबराचा चिकटपणा झपाट्याने घटतो.

प्रतिमान इथवर साथ देते, पुढे नाही. भार खरा पेलते ती खडी. काळ्या बेसाल्टचे कोनदार तुकडे एकमेकांत अडकून राहतात आणि त्यांच्यातले घर्षण तापमानाने फारसे बदलत नाही. पण रहदारीखाली थर दबत जाऊन हवेची पोकळी तीन टक्क्यांच्या खाली गेली, की डांबराला जागाच उरत नाही. मग भार खडीऐवजी डांबरावर येतो, दगड फिरतात, घसरतात आणि चाकोरीच्या कडेला उंचवटे येतात. हा टप्पा मांडायला घर्षण आणि प्रवाह एकत्र धरणारी प्रतिमाने लागतात.

नेहमीच्या मार्शल चाचणीत 60 अंशांच्या पाण्यात ठेवलेला नमुना मिनिटाला 50.8 मिलिमीटर वेगाने दाबतात. काही सेकंदांत निकाल लागतो. मिश्रणाचे प्रमाण ठरवायला ती ठीक आहे, पण रांगत्या ट्रकाखाली काय होईल हे ती सांगू शकत नाही. घाटातल्या कामासाठी व्हीजी-40 या घट्ट प्रतीचे किंवा सुधारित डांबर घ्यावे, आणि तापलेल्या नमुन्यावर हजारो वेळा चाक फिरवून पाहणारी चाचणीही करावी.