साठीचा सोहळा आणि मुका सोबती

बेंगळूरुची सकाळ लवकर सुरू होते. कब्बन पार्कच्या वाटांवर, मल्लेश्वरम आणि जयनगरच्या गर्द झाडीच्या रस्त्यांवर सूर्य पुरता वर येण्याआधीच माणसे फिरावयास बाहेर पडतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती एक पट्टा असतो. कुत्री एकमेकांना हुंगू लागली की मालकांना थांबावेच लागते. मग प्रथम कुत्र्याचे नाव विचारले जाते, त्यानंतर जात, त्यानंतर वय. माणसाचे नाव विचारले जाते ते बऱ्याच दिवसांनी. नोकरी-व्यवसायानिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची कन्नड शेजाऱ्यांशी पहिली ओळख पुष्कळदा अशीच होते. ओळखीतून सोबत आणि सोबतीतून मैत्री जुळते. आणि एके दिवशी कळते की या मित्राला येत्या महिन्यात साठ वर्षे पूर्ण होत आहेत.

कन्नडमध्ये वाढदिवसाला ‘हुट्टुहब्ब’ असा गोड शब्द आहे. ‘हुट्टु’ म्हणजे जन्म आणि ‘हब्ब’ म्हणजे सण. जन्माचा सण करावयाचा तर तो घरातील सर्वांचा असावा, आणि ज्या घरात प्राणी आहे तेथे ‘सर्व’ या शब्दात तोही आला.

साठीचेच एवढे महत्त्व का?

भारतीय कालगणनेत प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे एक चक्र आहे. ज्या नावाच्या संवत्सरात मनुष्य जन्माला येतो, त्याच नावाचे संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा उगवते. आकाशातही याला आधार आहे. गुरू ग्रहाची सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे बारा वर्षांत होते, शनीची सुमारे साडेएकोणतीस वर्षांत. साठ वर्षांत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या होतात. म्हणजे हे दोन्ही ग्रह जन्मकाळी जेथे होते त्याच्या जवळपास पुन्हा एकत्र येतात. साठी म्हणजे एक वर्तुळ पूर्ण होऊन दुसऱ्याचा आरंभ, ही कल्पना यातूनच आली. कर्नाटकासह दक्षिणेत षष्ट्यब्दीपूर्तीच्या दिवशी पत्नीच्या गळ्यात पुन्हा मांगल्य बांधण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रात साठीशांत होते. पुढे पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव आणि एक्याऐंशीच्या सुमारास, सहस्र पौर्णिमा पाहून झाल्या म्हणून, सहस्रचंद्रदर्शन.

घरातील दुसरी साठी

माणसाच्या साठीचा हिशेब पंचांगात असतो; कुत्र्याच्या साठीचा कोठे असतो? ‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे’ हा सर्वपरिचित ठोकताळा शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी १०४ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जनुकद्रव्यावर वयानुसार होणाऱ्या रासायनिक खुणा तपासल्या आणि २०२० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्रा आरंभी अतिशय वेगाने प्रौढ होतो आणि नंतर हा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. त्यांच्या सूत्राप्रमाणे एक वर्षाचा लॅब्राडॉर माणसाच्या तिशीत असतो, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडतो आणि सहा वर्षांचा साठीला पोहोचतो. हे सूत्र एकाच जातीवरून बेतलेले असल्याने सर्व कुत्र्यांना ते तंतोतंत लागू पडेल असे नाही. लहान चणीची कुत्री सामान्यतः अधिक जगतात, मोठ्या चणीची लवकर थकतात.

तात्पर्य एवढेच की साठीच्या यजमानाच्या पायाशी बसलेला सहा वर्षांचा लॅब्राडॉर हा त्याचा समवयस्कच असतो. दोघांचे गुडघे कुरकुरू लागलेले असतात, दोघांचे वजन वाढू लागलेले असते आणि दोघांनाही वर्षातून निदान एकदा तपासणीची गरज असते. वाढदिवसाच्या निमित्ताने मित्राची रक्ततपासणी होणारच असेल, तर त्याच आठवड्यात त्याच्या सोबत्याला पशुवैद्याकडे नेणे आणि रेबीजची वार्षिक लस राहिली असल्यास टोचून घेणे ही उत्तम सुरुवात होय.

सोहळ्याच्या दिवशी

पाहुण्यांची वर्दळ, होमाचा धूर, ध्वनिक्षेपक आणि फटाके यांत माणूस रमतो; प्राणी मात्र गांगरतो. मनुष्याला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. आपल्याला केवळ मोठा वाटणारा आवाज त्याला असह्य होऊ शकतो. दार सतत उघडे राहिल्याने घाबरलेला प्राणी रस्त्यावर पळून जाणे, हा अशा समारंभांतील नेहमीचा अपघात आहे. म्हणून घरातील एक शांत खोली त्याच्यासाठी राखून ठेवावी. त्याचे अंथरूण, पाणी आणि ओळखीचे खेळणे तेथे असावे, आणि सकाळचे फिरणे त्या दिवशी थोडे लांबवावे. गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा.

पंगतीची चिंता त्याहून मोठी. पाहुणे मायेपोटी पानातला घास पुढे करतात आणि तोच घास विषासमान ठरू शकतो. केसरीभात, शिरा आणि खीर यांतील बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना इजा पोहोचवू शकतात. बिसीबेळेभातातील वा भज्यांतील कांदा आणि लसूण यांमुळे त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. केकवरील चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि हृदयावर व मज्जासंस्थेवर परिणाम करते. साठीच्या समारंभाला मधुमेही पाहुणे असतातच, म्हणून एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. काही शर्कराविरहित पदार्थांत व च्युइंगगममध्ये वापरले जाणारे झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातील साखर अल्पावधीत धोकादायक पातळीवर आणते. शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या टोकदार कपच्या आतड्यात रुततात. असे काही खाल्ल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे. रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा क्रमांक आदल्या दिवशीच टिपून ठेवणे शहाणपणाचे.

घरात मांजर असेल तर पुष्पगुच्छही पारखून घ्यावा. बेंगळूरुत फुलांना तोटा नाही आणि कृष्णराजेंद्र बाजारातून आणलेल्या टवटवीत गुच्छांवाचून येथला सोहळा पुरा होत नाही. मात्र या गुच्छांत डोलणारी लिली मांजरासाठी प्राणघातक आहे. तिचे पान किंवा पाकळी चघळणे, एवढेच नव्हे तर अंगावर पडलेले पराग चाटणेदेखील मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. गुलाब वा जरबेरा यांनी तीच शोभा निर्धोकपणे येते.

भेट काय द्यावी?

मुले परदेशी, घर रिकामे. अशा मित्राला साठीनिमित्त एखादे पिलू भेट द्यावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. हेतू चांगला असला तरी ही भेट विचारल्यावाचून देऊ नये. पिलू म्हणजे वस्तू नव्हे, बारा-चौदा वर्षांची जबाबदारी आहे. साठीत आलेले पिलू यजमानाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत सोबत करील. त्या वयात ओढ घेणारा तगडा कुत्रा सांभाळता येईल काय, जिने उतरता येतील काय, हे प्रश्न आधी विचारावेत. मित्राची खरोखरच इच्छा असेल, तर शांत स्वभावाचा प्रौढ प्राणी एखाद्या निवारागृहातून दत्तक घेणे अधिक सोयीचे. जातिवंत कुत्राच हवा असल्यास बर्फाळ प्रदेशातील जातींऐवजी येथील हवामानात रुळलेल्या जातींचा विचार व्हावा. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळची जात हे त्याचे उदाहरण. मुधोळ संस्थानच्या मराठा घोरपडे घराण्याने जोपासलेल्या या शिकारी कुत्र्यावर भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीट काढले. मात्र तो धावपटू आहे. त्याला मोकळे मैदान आणि भरपूर व्यायाम हवा, सदनिकेचा सज्जा त्याला पुरत नाही.

मग ज्याच्या घरी सोबती आधीच आहे, त्या मित्राला काय द्यावे? येथे ज्या विषयाचा उच्चार सहसा टाळला जातो त्याकडे वळावे लागते.

‘याचे पुढे कसे?’

साठीनंतर माणसाच्या मनात हा प्रश्न कधीतरी डोकावतोच. अकस्मात रुग्णालयात राहावे लागले तर? आपणच आधी गेलो तर? मुलांची सोय मुले पाहतील. हा मुका जीव कोणाकडे पाहील?

बेंगळूरुच्या अलीकडच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उज्ज्वल उत्तर आहे. क्रिस्टल रॉजर्स ही १९०६ मध्ये जन्मलेली इंग्रज स्त्री भारतात आली आणि प्राण्यांसाठी येथेच राहिली. दिल्ली व जयपूर येथे प्राणिसेवेच्या संस्था उभारून ती उतारवयात बेंगळूरुला आली. १९९१ मध्ये, पंचाऐंशीच्या घरात असताना, तिने येथे ‘कंपॅशन अनलिमिटेड प्लस ॲक्शन’ अर्थात ‘क्युपा’ ही संस्था सुरू केली. १९९६ मध्ये तिचे निधन झाले; कार्य मात्र थांबले नाही, कारण ते हाती घेणारी माणसे तिने जोडली होती. एवढ्या वयात नवे काम आरंभिण्याचे धैर्य तिला झाले, त्याचे मर्म या माणसांत आहे.

उद्योगपती रतन टाटा यांच्या जीवनातही हेच सूत्र दिसते. रात्री वाहनांखाली सापडणाऱ्या भटक्या कुत्र्यांसाठी चकाकणारे गळपट्टे तयार करणारा पुण्याचा तरुण अभियंता शंतनू नायडू याच्याशी त्यांची मैत्री जुळली ती प्राण्यांवरील प्रेमातूनच. डिसेंबर २०२१ मध्ये टाटांचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस झाला. एक छोटासा केक, एक मेणबत्ती आणि खांद्यावर हात ठेवणारा हा तरुण मित्र, असे त्याचे साधे दृश्य देशभर कौतुकाने पाहिले गेले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटांचे निधन झाले. आपल्या ‘टिटो’ या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवल्याचे वृत्त त्यानंतर वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. संपत्ती अफाट असो वा बेताची, सोबत्याची सोय लिहून ठेवावी लागते, हाच त्यातील बोध.

कायदा आणि नियोजन

भारतीय कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही मालमत्ता आहे. तो स्वतः मालमत्ता धारण करू शकत नाही; त्यामुळे त्याच्या नावे खाते उघडता येत नाही, त्याला नामनिर्देशित करता येत नाही आणि मृत्युपत्रान्वये थेट रक्कमही देता येत नाही. मात्र मृत्युपत्रात प्राणी एखाद्या विश्वासू व्यक्तीच्या स्वाधीन करून त्याच्या पालनपोषणासाठी त्या व्यक्तीस रक्कम देता येते. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. त्यावर स्वतःची स्वाक्षरी व दोन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक असतात. नोंदणी ऐच्छिक असली तरी उपयुक्त ठरते.

ठेव खात्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा हिस्सा ठरविता येतो. तथापि नामनिर्देशनामुळे बँकेने रक्कम कोणास सुपूर्द करावी एवढेच ठरते. तिच्यावरील अंतिम हक्क मृत्युपत्र वा वारसा कायदा ठरवितो. म्हणून सोबत्यासाठी ठेवलेल्या रकमेचा उल्लेख मृत्युपत्रात असणे इष्ट.

रक्कम किती असावी? खाद्य, लसी व औषधे यांचा मासिक खर्च ४,००० रुपये आहे असे मानू. सहा वर्षांचा कुत्रा आणखी सहा वर्षे जगेल असे धरल्यास ४,००० गुणिले ७२ महिने, म्हणजे २,८८,००० रुपये लागतील. महागाई आणि उतारवयातील उपचार यांसाठी त्यात आणखी भर घालावी. ही रक्कम एकदम बाजूला काढणे शक्य नसेल, तर आवर्ती ठेवीतून ती हळूहळू उभी राहू शकते.

कायद्याचे काम इथवरच. सकाळी सहा वाजता पट्टा हाती घेऊन बाहेर पडण्याचे काम कोणतेही मृत्युपत्र करू शकत नाही. ते मित्रानेच करावयाचे असते, आणि म्हणूनच साठीची सर्वांत मोलाची भेट दुकानात मिळत नाही. ‘तुला काही झाले तर याला मी सांभाळीन’ हे वचन हीच ती भेट.

वचन देणाऱ्याने आपल्या घरच्यांची संमती आधी घ्यावी. महिन्यातून एखादा दिवस त्या प्राण्याला आपल्या घरी राहू द्यावे, म्हणजे घर त्याच्या परिचयाचे होते. लसीकरणाचे पुस्तक, आहाराचे प्रमाण, औषधे, पशुवैद्याचा क्रमांक आणि घराची दुसरी किल्ली या गोष्टी एका पाकिटात त्याच्याकडे असाव्यात. ‘माझ्या घरी प्राणी आहे, यांना कळवावे’ अशा मजकुराची एक चिठ्ठी यजमानाने आपल्या खिशातल्या पाकिटात ठेवावी. अचानक रुग्णालयात जाण्याची वेळ मृत्यूपेक्षा कितीतरी अधिक वेळा येते आणि तेव्हा ही चिठ्ठीच उपयोगी पडते.

सोहळा आटोपतो. पाहुणे पांगतात, हार उतरतात, होमातली राख थंड होते. आतल्या खोलीचे दार उघडले की दिवसभर वाट पाहून थकलेला सोबती शेपटी हलवीत बाहेर येतो आणि यजमानाच्या पायाशी अंग टाकतो. त्याला पाहून यजमानाच्या मनात तोच जुना प्रश्न डोकावतो. अशा वेळी शेजारी बसलेल्या मित्राने त्या मुक्या जिवाच्या पाठीवरून हात फिरवीत ‘मी आहे ना’ एवढेच म्हटले, तरी साठीचे वर्तुळ खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे समजावे.