सायलोची भिंत (भाग तिसरा) : वर्ध्याच्या उन्हात ताणाचे मोजमाप

मागच्या भागात आपण जान्सेनचे सूत्र पाहिले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतच जातो, धान्याचा तसा वाढत नाही. दाणे भिंतीला घासतात आणि आपले बरेचसे वजन तिच्यावर टाकतात. म्हणून तळाकडे आडवा दाब वाढायचा जवळजवळ थांबतो, हे या जर्मन अभियंत्याने १८९५ साली मांडले. हे झाले कागदावरचे. उभ्या सायलोच्या भिंतीत प्रत्यक्ष ताण किती आहे, ते आज पाहू.

हिशेबासाठी १० मीटर व्यासाचा, ५ मिलिमीटर जाडीच्या सपाट पत्र्याचा सायलो धरू. हिंगणघाटच्या बाजारात येणारे सोयाबीन त्यात भरले, तर २० मीटर खोलीवर आडवा दाब साधारण ४० किलोपास्कल निघतो. त्याने पत्र्यात घेराच्या दिशेने सुमारे ४० मेगापास्कल ताण येतो आणि पोलाद मीटरमागे ०.२ मिलिमीटर लांबते.

एवढेसे लांबणे पकडतो स्ट्रेन गेज. नखाएवढ्या पातळ पट्टीवर नागमोडी वळवलेली धातूची जाळी असते. पत्र्यावरचा रंग आणि गंज घासून, तेलकटपणा पुसून ती चिकटवतात. पत्रा ताणला की जाळीही ताणते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. १२० ओहमच्या गेजमध्ये वरच्या उदाहरणातली वाढ जेमतेम ०.०५ ओहम, म्हणून ती व्हीटस्टन ब्रिजवर, म्हणजे चार रोधांच्या चौकटीवर, वाचावी लागते. शेजारी दुसरा गेज उभा लावतात. घर्षणाने पत्रा खाली किती चेपला जातो, ते त्यावरून कळते. पातळ पत्र्याला दुमडण्याचा धोका असतो तो मुख्यतः या चेपण्यामुळे. दोन्ही वाचने हाती आल्याशिवाय ताणाचा हिशेब पुरा होत नाही.

आता वर्ध्याचे ऊन. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो, पत्रा त्याहून तापतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढते. म्हणजे रिकामा सायलो नुसता १७ अंशांनी तापला, तरी साधा गेज तो भरलेला असल्यासारखे वाचन देईल. यावर उपाय आहे. त्याच पोलादाच्या सुट्या तुकड्यावर जोडीचा गेज लावून तो त्याच उन्हात ठेवायचा आणि ब्रिजच्या लगतच्या बाजूला जोडायचा. तापून झालेली मोकळी वाढ वजा होते. रात्री मात्र पत्रा आकसू पाहतो आणि आतले सोयाबीन त्याला आकसू देत नाही. तेव्हा वाढणारा ताण खरा असतो आणि जोडीचा गेज तो पुसत नाही.

माल काढतानाही दाब भरतानापेक्षा वाढू शकतो. पोलादी सायलोंसाठीचे भारतीय मानक आयएस ९१७८ दोन्ही अवस्थांचा हिशेब वेगळा करते, तो याचसाठी. तोंड एका बाजूला असेल तर भिंतीवरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि पत्रा आत दबण्याची भीती असते.

म्हणून भर दुपारी घेतलेल्या एका वाचनावर सायलो सुरक्षित ठरवू नका. भरताना, रिकामा करताना आणि पहाटेच्या गारव्यात, अशी सलग नोंद ठेवा.

पुढील भागात : गेज कुठे आणि किती लावावेत.