सर्वाधिक गोल, शेवटचा नंबर

हॉकी इंडिया लीगच्या पहिल्याच हंगामात, 2013 साली, एक गंमत झाली. सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ज्या संघाचा, तोच संघ तळाला! मुंबई मॅजिशियन्सच्या संदीप सिंगने 11 गोल ठोकले आणि मॅजिशियन्स पाच संघांत पाचवे आले. प्रशिक्षक कुणी ऐरागैरा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या महिलांना दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि पुरुषांना 2010 चा विश्वचषक मिळवून देणारे रिक चार्ल्सवर्थ होते.

निम्मं कोडं मला पेनल्टी कॉर्नरपाशी सुटतं. कॉर्नरवरचा पहिला फटका सरळ स्टिकने हाणला, तर गोलरेषेवर चेंडू 46 सेंटिमीटरच्या वर असून चालत नाही. गोलामागच्या फळीची तेवढीच उंची. फ्लिकला मात्र ही मर्यादा नाही. मग काय, चेंडू स्टिकवर घेऊन फरपटत आणायचा, अंग वळवायचं आणि गोफणीतून दगड सुटावा तसा वरच्या कोपऱ्यात भिरकावायचा. हीच ड्रॅगफ्लिक. नियमाच्या एका फटीतून अख्खी कला जन्मली, आणि संदीप तिचा बादशहा! पण कॉर्नर मिळाला तरच ही कला कामाची. एरवी अकरांनाच खेळावं लागतं.

2014 मध्येही मॅजिशियन्स उपांत्य फेरीबाहेर राहिले आणि त्यानंतर संघच उरला नाही. आणखी नवल म्हणजे 2013 चा विजेता रांची ऱ्हायनोजही त्याच वेळी नाहीसा झाला. पहिला आणि शेवटचा, दोघे एकदमच गेले! फ्रँचायझी संघ असा कागदावर जन्मतो आणि कागदावरच संपतो, जिंकण्याहरण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

2015 मध्ये मुंबईला दुसरा संघ मिळाला, दबंग मुंबई. हा संघ बहरला आणि 2017 च्या अंतिम सामन्यात पोचला. चंदीगडला कलिंगा लान्सर्सनी त्याला 4-1 असं हरवलं. त्या हंगामात मैदानी गोल दोन गोलांचा धरत. म्हणजे सामना न बघताही एक गोष्ट छातीठोकपणे सांगता येते: मुंबईचा तो एकुलता गोल मैदानी नव्हता. असता, तर फलकावर 2 लागले असते!

त्या हंगामानंतर लीगच बंद पडली. 28 डिसेंबर 2024 ला ती राऊरकेलात पुन्हा सुरू झाली, पुरुषांच्या आठ संघांसह. त्या आठांत मुंबई नव्हती.