जुना संगणक घेताना आधी हे पाहा

हरसूलसारख्या गावात घरातल्या एकाच संगणकावर विंडोजही चालवायचं आणि लिनक्सही शिकायचं, तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा आभासी संगणक, हा सोयीचा मार्ग आहे. त्यासाठी प्रोसेसरची साथ हवी. इंटेलने ही सोय (व्हीटी-एक्स) २००५मध्ये आणली, एएमडीने २००६मध्ये. पण वर्षावर विसंबू नका: २००८मधल्या इंटेल पेंटियम ई५२००मध्ये ती नाही. असं मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरच्या ६.१ आवृत्तीपासून तर तिच्याशिवाय मशीन सुरूच होत नाही.

विंडोज १० किंवा ११मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात ‘सीपीयू’ निवडा आणि ग्राफखालची ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही ओळ वाचा. ‘एनेबल्ड’ असेल तर काम झालं.

‘डिसेबल्ड’ दिसलं म्हणून संगणक नाकारू नका. अनेकदा सोय असते, फक्त बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट (कंपनीनुसार कळ बदलते) दाबून बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा. इंटेलमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीमध्ये ‘एसव्हीएम मोड’ सुरू करा, बदल सेव्ह करा. काही संगणकांना त्यानंतर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा पुरते. उत्तरात व्हीएमएक्स (इंटेल) किंवा एसव्हीएम (एएमडी) शोधा.

रॅमही तपासा. ४ जीबीत दोन यंत्रणा एकदम चालवणं जिकिरीचं. ८ जीबी असेल तर शिकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येत नाही. सेकंडहँड संगणकाचे पैसे देण्याआधी ही तपासणी दुकानातच करून घ्या.